रिकाम्या जागेची चिठ्ठी

जुन्या मशीनचा पार्ट शोधत हिंडणाऱ्या माणसाला भेटेल तो एकच विचारतो, "मिळाला का?" मला हे विचारलं की माझं टाळकं सरकायचं. कारण मला हवा असलेला ट्रान्सफॉर्मर कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. समुद्रपूरपासून बसनं वीस मिनिटांवर माझं माहेर आहे. तिथल्या बुद्धविहारात भोंग्याचा जुना अॅम्प्लिफायर आहे आणि त्याच्या पोटात तो ट्रान्सफॉर्मर आहे. तीस वर्षांपूर्वी मीच तो तिथे बसवला होता. तरीही त्याच्यासारखा दुसरा मिळावा म्हणून मी चार महिने वर्धा, हिंगणघाट, जाम, नागपूर पालथं घालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते विसरभोळ्यांसाठी. कळसा काखेत आहे हे माहीत असून जी वळसा घालते तिच्यासाठी म्हण नाही, कारण तसली बाई कुणाला ते सांगत नाही.

आता सांगते.

मी वर्ध्याच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिथल्या नव्या प्राचार्यांचा फोन आला. माणूस तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, स्टोअर रिकामं करतोय. दिवाळीनंतर भंगारवाला सगळं उचलणार. पण दारात एक काचेचं कपाट करतोय, त्यात जुनी चालू उपकरणं ठेवू. तो व्हॉल्व्हवाला ऑसिलोस्कोप तुम्ही चालू करून दिला तर तो राहील, नाहीतर तोही जाईल."

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचं चालणं-वागणं डोळ्यांना दाखवणारं यंत्र. समोर वाटीएवढा गोल काचेचा पडदा, त्यावर एक हिरवी रेघ. वीज स्थिर असेल तर रेघ सरळ, थरथरत असेल तर रेघ लाट होते. हा स्कोप माझ्याच वयाचा असेल. अंगानं लोखंडी, दोन माणसांनी उचलायचा. मी त्या संस्थेत शिकत होते तेव्हा आमच्या तुकडीत मुलगी म्हणून एकटी मीच होते. मुलं टेबलाभोवती कडं करून उभी राहायची आणि मला त्यांच्या पाठी दिसायच्या. एक दिवस सरांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि मला म्हणाले, "बटण तू दाब." मी दाबलं. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापेपर्यंत काहीच झालं नाही, मुलं हसायला लागली, आणि मग रेघ आली. त्या रेघेवर मी पुढे घर चालवलं. तो स्कोप भंगारात जाऊ द्यायचा नाही, असं मी फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं.

पण खरं कारण एवढंच नव्हतं. त्या स्कोपच्या नावापुढे संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत लाल शाईनं एक ओळ लिहिलेली होती: "ट्रान्सफॉर्मर गहाळ. भांडारपाल जबाबदार."

भांडारपाल म्हणजे आमचे स्टोअरकीपर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. समुद्रपूरचे, शेतकरी घरातले, नियमाला पक्के. संस्थेत पार्ट विकत घ्यायचा तर मंजुरीला वर्ष जायचं, म्हणून मेलेल्या मशीनमधून काढायचा आणि जिवंत मशीनला लावायचा ही आमची रोजची रीत होती. भाऊंनी त्याला एक नियम लावला होता. पार्ट काढा, पण जागा रिकामी ठेवू नका. जिथून काढला तिथे दोऱ्यानं चिठ्ठी बांधा: काय काढलं, कधी काढलं, कुठे लावलं, खाली सही. त्यांच्या स्टोअरमधलं कुठलंही मेलेलं मशीन उघडलं की आत अशा चिठ्ठ्या लोंबत असायच्या. आम्ही हसायचो, म्हणायचो भाऊंनी मशीनला नवस बोललाय. पण दहा वर्षांनीही कुठला पार्ट कुठे गेला हे सापडायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा हंगामी होते. दर सत्राला नेमणुकीची ऑर्डर यायची, नाहीतर यायची नाही. त्या वर्षी जयंतीला तीन दिवस राहिले असताना माझा सख्खा भाऊ गावाहून धावत आला. विहारातल्या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. गावानं वर्गणी काढून घेतलेला तो पहिला भोंगा, आणि जयंतीला तोच मुका. वडील म्हणाले होते, "आपली पोरगी त्याच कामात हाय, थे करन." माझ्यावर गावाचा एवढा विश्वास, मग मी कशी नाही म्हणणार?

मेलेला स्कोप स्टोअरमध्ये कोपऱ्यात पडला होता. त्याचे कंडेन्सर आणि एक व्हॉल्व्ह गेलेले होते, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. सकाळी शिपाई झाडायला स्टोअर उघडायचा. मी त्याला म्हटलं, प्रॅक्टिकलसाठी वायर घ्यायची आहे. तो झाडत राहिला. चार नट आणि चौदा वायरी, दहा मिनिटं लागली. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या पिशवीत घातला, वर डबा ठेवला. चिठ्ठी लिहायला कागद घेतलासुद्धा. काय काढलं, लिहिलं. कधी काढलं, लिहिलं. कुठे लावलं, इथे हात थांबला. सरकारी वस्तू गावच्या विहारात लावली असं लिहिलं असतं तर पुढची ऑर्डर आलीच नसती. तो कागद मी फाडला.

जयंतीला भोंगा वाजला, दोन गावं पलीकडे ऐकू गेला.

पावसाळ्यात तपासणी झाली. स्कोपचं झाकण काढलं तर आत भोक, आणि चिठ्ठी नाही. चौकशी बसली. सगळ्यांना एकेक करून बोलावलं, मलाही बोलावलं. मी म्हटलं, "माहीत नाही." दोनच शब्द. त्याच वर्षी मी कायम झाले आणि भाऊंची बढती अडली, ती निवृत्तीपर्यंत अडलेलीच राहिली. ज्या माणसानं चिठ्ठीचा नियम काढला, त्याच्याच नावावर बिनचिठ्ठीचा पार्ट लागला. काही जण मागून त्यांना ट्रान्सफॉर्मरवाले म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. म्हणणाऱ्यांना कधी थांबवलंही नाही.

तर प्राचार्यांचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता. तसलाच ट्रान्सफॉर्मर कुठून तरी मिळवायचा, बसवायचा, स्कोप चालू करायचा. मग मी प्राचार्यांना म्हणणार, मशीन पूर्ण आहे, ती लाल ओळ आता काढून टाका. भाऊंचं नाव सुटेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मशीनच्या बाबतीत मी अशी लबाडी कधी केली नव्हती. फ्यूज उडाला तर जाड तार लावणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर काढायची. इथे मी स्वतः तेच करायला निघाले होते.

स्कोप रिक्षात घालून घरी आणला. रिक्षावाला म्हणाला, "टीव्ही हाय का?" मी म्हटलं, "हो, एकच चॅनल लागतं."

बाकीचे पार्ट मिळवायला कष्ट पडले, पण त्यात मजा होती. कंडेन्सर नवे मिळाले, फक्त आकारानं इवलेसे, जुन्यांच्या जागी ओसरीत पाहुणा बसावा तसे दिसत होते. व्हॉल्व्हसाठी हिंगणघाटला गेले. तिथे बंद पडलेल्या टॉकीजचा ऑपरेटर आहे, सत्तरी ओलांडलेला. त्यानं पडद्यामागच्या अॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह खोक्यात, कापसात गुंडाळून ठेवले आहेत. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साहेबानं कोन्ता नंबर सांगतला?" मी म्हटलं, "साहेब मीच आहे. नंबर मी सांगते, तुम्ही खोकं उघडा." नंबर ऐकल्यावर त्यानं खोकं तर उघडलंच, चहाही ठेवला. व्हॉल्व्ह हातात देताना म्हणाला, "चालू झाला तं मले फोन करजो. आपला व्हॉल्व्ह कुठंसा तरी जळून राह्यला एवढं मालूम पडलं तरी पुरे." एक बटण तुटलेलं होतं, ते मी सागाच्या तुकड्यातून घासून केलं.

ट्रान्सफॉर्मर मात्र मिळेना. वर्ध्यात स्टेशनरोडच्या दुकानात तयार ट्रान्सफॉर्मर होते, पण स्कोपला एकाच ट्रान्सफॉर्मरमधून पाच वेगवेगळे व्होल्टेज लागतात, त्यातला एक तर हजाराच्या घरात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, असं कोनी ठेवत नाई." नागपूरच्या जुन्या बाजारात दोन दिवस घातले. रेडिओवाल्यांनी रेडिओचे दाखवले, टीव्हीवाल्यांनी टीव्हीचे. एकानं मला सरळ सांगितलं, "दीदी, म्युझियम में दे दो." मी म्हटलं, "पहले चालू करूँगी, फिर दूँगी."

शेवटी जामला गेले. तिथे हायवेच्या चौकाजवळ एक मोटर रिवाइंडिंगवाला आहे. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरी, ट्रकचे डायनॅमो, सगळ्यांचे जळालेले तारेचे वेढे नव्यानं भरतो. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीला वॉर्निशचा वास. मी कागदावर सगळी आकडेमोड करून नेली होती, कुठल्या व्होल्टेजला किती वेढे आणि कितव्या नंबरची तार. तो कागद त्यानं दोनदा वाचला.

"हे कोणं काढलं?"

"मी."

"बराबर दिसून राह्यलं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत कुठल्या वरिष्ठाच्या शेऱ्यानं मला इतका आनंद दिला नव्हता.

आठ दिवसांत त्यानं ट्रान्सफॉर्मर भरून दिला. घरी आणून बसवला, एकेक व्होल्टेज मोजला. सगळे बरोबर. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, पडदा हळूहळू हिरवा झाला, रेघ आली. आणि रेघ वाकडी होती.

सरळ यायला हवी ती रेघ लाटेसारखी हलत होती. मी सगळं तपासलं. कंडेन्सर बदलले, वायरी लांब घेतल्या, जमिनीची वायर नवी घातली. रेघ तशीच. मग एक गोष्ट करून पाहिली. ट्रान्सफॉर्मरचे नट काढून तो वायरींसकट हातभर लांब टेबलावर ठेवला. रेघ बऱ्यापैकी सरळ झाली. जवळ आणला की परत वाकडी. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व पडद्यातल्या किरणाला ओढत होतं. मूळ बनवणाऱ्यानं हे ओळखून तो वेगळ्या रीतीनं भरलेला असणार, वेढे जास्त, बाहेरून तांब्याची पट्टी. माझ्या आकडेमोडीत व्होल्टेज होते, शेजारधर्म नव्हता.

परत जाम. रिवाइंडिंगवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, अंदाजानं नाई होत हे. जुना आना. त्याचे वेढे मोजतो, तसाच भरून देतो."

"जुना नाही माझ्याकडे."

"मंग कोनाकडं हाय?"

साधा प्रश्न होता. मी पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. वर्ध्याची बस आली, मी चढले नाही. दिवाळीला बारा दिवस राहिले होते. भंगारवाला येणार, स्कोप गेला की नोंदवहीतली ती ओळ कायमची पक्की होणार. मला माझाच राग आला, आणि तो राग कामाचा होता. समुद्रपूरची बस आली, तिच्यात बसले आणि वाटेत माहेरी उतरले.

विहारात चुलत वहिनी भेटली. विहाराची किल्ली तिच्याकडे असते, सकाळची वंदना तीच घेते. मला पाहून म्हणाली, "अवो बाई, अशा अचानक? जेवून आल्या का नाई?" मी म्हटलं, अॅम्प्लिफायर पाहायचाय. तिनं कपाट उघडलं. आता विहारात नवीन साउंड बॉक्स आला आहे, पण जुना भोंगा त्यांनी सोडलेला नाही. रोज सकाळी वंदनेला तोच लागतो, कारण त्याचा आवाज शेतापर्यंत जातो.

आमच्याकडे विहाराला काही दिलं की देणाऱ्याचं नाव त्यावर रंगवतात. पंख्याच्या पात्यावर, घड्याळावर, पाण्याच्या माठाच्या तिवईवरसुद्धा नावं आहेत. अॅम्प्लिफायरच्या लोखंडी झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, "ट्रान्सफॉर्मर धम्मदान," आणि खाली माझं पूर्ण नाव. वडिलांनी हौसेनं रंगवून घेतलं होतं. तीस वर्षं मी दर जयंतीला ते वाचत होते आणि दर वेळी मान वळवत होते. एका ठिकाणी पांढऱ्या रंगात माझं नाव, दुसऱ्या ठिकाणी लाल शाईत भाऊंचं. ट्रान्सफॉर्मर मात्र एकच.

"वहिनी," मी म्हटलं, "हा ट्रान्सफॉर्मर माझा नव्हता. मी तो संस्थेतून न सांगता आणला. त्याच्यापायी दुसऱ्या माणसावर ठपका आला."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. वहिनीनं झाकणावरच्या नावावर बोट ठेवलं.

"न दिलेलं घेणार नाई," ती म्हणाली, "हे दुसरं शील मी रोज ह्याच भोंग्यावर म्हन्तो बाई."

मला रडू आलं. तिनं थांबवलं नाही. मग तिनंच विचारलं, "हा काहाडला तं भोंगा बंद पडन का?"

पिशवीत जामचा ट्रान्सफॉर्मर होताच. स्कोपमध्ये त्यानं रेघ वाकडी केली, पण अॅम्प्लिफायरला त्याचं काही बिघडणार नव्हतं. मी तिथेच मांडी घालून बसले. सोल्डरिंग गन पिशवीत असतेच. जुना काढला, नवा जोडला, उरलेल्या वायरींची टोकं टेपनं नीट बंद केली. भोंगा लागला. थोडा गुणगुणत होता. वहिनी म्हणाली, "गुनगुनू द्या, मानूसबी गुनगुनते." जुना ट्रान्सफॉर्मर तसाच होता, बाहेरून तांब्याची पट्टी गुंडाळलेला. वेढे मोजायची गरजच नव्हती. तो त्याच्या जागी परत जाणार होता.

झाकणावरचं नाव मी खरवडायला घेतलं तर वहिनीनं हात धरला. "आता जो बसवला थो तं तुमचाच हाय ना? राहू द्या मंग."

तिथून समुद्रपूर. भाऊंचं शेत गावाला लागून आहे. निवृत्तीनंतर ते भाजीपाला करतात, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी गेले तेव्हा ते मेथीच्या जुड्या बांधत होते, दोऱ्याला तीच जुनी गाठ. मला पाहून उठले, आवाज दिला, "अवं, बाई! ये ये. बस." बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी बसले नाही. पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढून त्यांच्यापुढे जुड्यांच्या शेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. शिपायाशी खोटं बोललेलं, डब्याखाली लपवलेलं, चिठ्ठी फाडलेली, "माहीत नाही" म्हटलेलं. काहीच मागे ठेवलं नाही.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. किंवा म्हणतील, मला माहीत होतं. मी मनात दोन्हींची तयारी करून आले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तीस वर्सं," ते म्हणाले. "मी रिटायर होईस्तोर तू माह्यासमोर डबा खाल्ला. काऊन नाई बोलली?"

"भीती वाटली, भाऊ. नोकरी जाईल म्हणून."

"आन् कायम झाल्यावर? तवा कायची भीती होती?"

त्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलला, उलटा केला, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"माह्या बढतीचं जाऊ दे," ते म्हणाले. "मले वाटलं शिपायानं इकला. चावी माह्या अन् त्याच्या, दोघांच्याच हाती होती ना. मी त्याले एका शब्दानं इचारलं नाई, पन बोलणं बंद केलं. आमी एका ताटात जेवनारे मानसं होतो. त्याच्या पोरीच्या लग्नाले बोलावलं त्यानं, दोनदा आला घरी. मी गेलो नाई. तीन वर्सं झाले, थो मेला. मातीलेबी नाई गेलो मी."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्यांची बायको तशीच उभी राहिली. हा ठपका मी मोजलाच नव्हता. मी चार महिने एका माणसाचं नाव सोडवायला धावत होते, आणि दुसरा माणूस काही न करता, काही न कळता चोर ठरून गेला होता. त्याच्यावरचा ठपका कुठल्या नोंदवहीत नव्हता, एका मित्राच्या मनात होता. मी भाऊंच्या पायाला हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पाय नको धरू," ते म्हणाले. "मशीन कधी लावते?"

"उद्या."

"मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं वर्ध्याला आले. स्कोप मी सकाळीच संस्थेत परत नेला होता. प्राचार्यांना आदल्या संध्याकाळीच सगळं सांगून लेखी अर्ज दिला होता, माझ्या सहीनं, काहीही न लपवता. ते थोडे गोंधळले. म्हणाले, "मॅडम, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता..." मी म्हटलं, "नोंदवही जुनी असली तरी त्यात नाव आहे. अर्ज घ्या आणि पोच द्या." त्यांनी पोच दिली.

भाऊ स्कोपसमोर खुर्ची टाकून बसले. मी चार नट आवळले, चौदा वायरींना एकेक करून सोल्डरचा डाग दिला. बटण दाबायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. व्हॉल्व्ह तापले. काही झालं नाही, मग पडद्याच्या मध्यावर हिरवी रेघ आली. सरळ. प्राचार्यांनी टाळी वाजवली, ती एकटीच वाजली. हिंगणघाटच्या ऑपरेटरला मी संध्याकाळी फोन केला.

भाऊंनी खिशातून दोऱ्याचा गुंडा काढला, मेथीच्या जुड्यांचा. आणि एक कोरा कागद.

"चिठ्ठी लिह."

मी लिहिली. काय काढलं: ट्रान्सफॉर्मर. कधी काढलं, इथे मी आजची तारीख टाकत होते.

"आजची नाई. त्या दिसाची टाक."

टाकली. कुठे लावलं: गावच्या बुद्धविहाराच्या भोंग्याला. ज्या रकान्याशी माझा हात तीस वर्षं अडला होता तो आता भरला. परत कधी बसवलं, ही ओळ भाऊंनी वाढवून घेतली. खाली सही.

"पूर्ण नाव टाक," ते म्हणाले. "कोनालेबी वाचता आलं पाह्यजे."

मी पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी स्वतः चिठ्ठी ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीला बांधली, गाठ ओढून पाहिली. मला वाटलं झालं. मी झाकण उचललं.

"थांब," ते म्हणाले आणि दुसरा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "अजून एक लिह, अशीच. शिपायाची पोरगी सेलूले राह्यते. आपन दोघं चाललो तिच्याकडं, आत्ताच्या बसनं. तोंडानं सांगन तं रडू येते मले. तिले वाचू दे."

मी पेन उचललं. पहिली चिठ्ठी समोर होती, पण ती पाहून उतरवायची गरज पडली नाही.